टेबलावरची साइट सीएसएसवर नेताना सगळं खाली का घसरतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. मामांचं मंगल कार्यालय आहे, त्याची वेबसाइट तुम्ही २००५ च्या सुमारास क्लासमध्ये शिकलात तशी टेबलं लावून, म्हणजे तक्त्याच्या रकान्यांत सगळं बसवून, बांधली, डावीकडे मेनू, मध्ये मजकूर, उजवीकडे हॉलचे फोटो, आणि ती इतकी वर्षं बिनतक्रार चालली. आता बुकिंगवाले सगळे मोबाइलवरून बघतात, त्यांना अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि मामा येता-जाता टोमणे मारतात. म्हणून तुम्ही एका रविवारी बसून सगळी टेबलं काढून डिव्ह (म्हणजे नुसते साधे खोके) टाकले, तर मेनू वर, मजकूर त्याच्या खाली, फोटो त्याच्याही खाली असं सगळं घसरलं. मग कुठेतरी वाचून फ्लोट लावला तर फूटर, म्हणजे पानाच्या तळाची पट्टी, मध्येच वर येऊन बसला. आणि वैतागून विचारलंय की एवढं करून फायदा काय, टेबलाचं काय वाईट होतं, आणि शिकायचंच तर सीएसएसमधल्या (पान कसं दिसायचं ते सांगायची भाषा) फ्लोट, फ्लेक्स, ग्रिड या मांडणीच्या पद्धतींतलं आधी काय.

टेबल काढल्यावर सगळं एकाखाली एक आलं ना, तिथेच थांबायला हवं होतं. ते बिघडलेलं नव्हतंच. एचटीएमएलचं, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिचं, पान मुळात तसंच असतं, वरून खाली सलग, आणि मोबाइलवर तुम्हाला जवळपास तेच हवंय. झालं काय की तुम्ही टीडीच्या (टेबलाच्या एका सेलच्या) जागी डिव्ह लिहिलात पण डोक्यातलं टेबल तसंच राहिलं, म्हणजे आधी खोके आखायचे आणि मग त्यात सामान भरायचं ही सवय. माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक पोरं इथेच अडकतात, सीएसएसच्या प्रॉपर्टींची नावं काय चार दिवसांत पाठ होतात हो, सवय मोडायला वेळ लागतो.

बरं, टेबल वापरणं हा मूर्खपणा होता असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. नेटस्केप हा तेव्हाचा ब्राउझर १९९५ मध्ये टेबल दाखवायला लागला आणि जानेवारी १९९७ मध्ये एचटीएमएल ३.२ आलं त्यात टेबल अधिकृत झालं. स्टाइलशीटची, म्हणजे पानाचं रूप मजकुरापासून वेगळं लिहून ठेवायची, कल्पना होकॉन व्हिउम ली यांनी १९९४ मध्येच मांडली होती, सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये मंजूरसुद्धा झाली, पण ब्राउझर ती धड पाळत नव्हते, एकात नीट दिसलेलं पान दुसऱ्यात विस्कटायचं. शिवाय पानाचे कॉलम पाडायला असं खास साधन त्यात नव्हतंच. मग ज्याला दोन कॉलम हवेत त्याने करायचं काय? टेबल. एक पिक्सेलचं पारदर्शक जीआयएफ चित्र घालून जागा अडवायची, बॉर्डर शून्य, सेलपॅडिंग शून्य, आम्ही सगळ्यांनी तेच केलंय आणि त्यावर पोटं भरलीत.

पण त्याची किंमत मला कधी कळली ते सांगतो. २००२ ची गोष्ट. एका कापड दुकानाची साइट केली होती, ६४ पानं, प्रत्येक पानात टेबलात टेबल, त्यात टेबल, असं पाच थर खोल. मालकांचा संध्याकाळी फोन, की मेनू डावीकडून उजवीकडे घ्या, घरच्यांना तसं आवडतंय, आणि उद्या अकराला पाहुण्यांसमोर साइट उघडायचीये. नारायण पेठेतल्या आमच्या एका खोलीच्या ऑफिसात मी रात्रभर एकेक फाइल उघडून पहिला टीडी कापून शेवटी चिकटवत बसलो, ६४ वेळा. पहाटे तीनच्या सुमारास कुठल्यातरी एका पानात टेबल बंद करणारा टॅग माझ्या हातून उडाला. माझ्या मशीनवरच्या ब्राउझरने ते समजून घेतलं आणि पान व्यवस्थित दाखवलं, दुकानातल्या मशीनवरच्या दुसऱ्या ब्राउझरने मात्र पूर्ण पांढरं पान दाखवलं, एरर नाही, काही नाही. आणि मालकांनी पाहुण्यांसमोर नेमकं तेच पान उघडलं, पैठण्यांचं. चूक माझीच होती, पण ज्या बांधणीत मेनू हलवायला ६४ फाइलींना हात लावावा लागतो तिथे असं आज ना उद्या होणारच. दोन वर्षांनी तीच साइट सीएसएसवर घेतली आणि नंतर असाच एक बदल आला तेव्हा एका फाइलमध्ये काम झालं, चहा थंड व्हायच्या आत.

तेव्हा फायदा काय याचं माझं उत्तर हे आहे. काय लिहिलंय ते एकीकडे, कुठे बसायचं ते दुसरीकडे. मोबाइल, प्रिंट, स्क्रीन रीडर (अंध माणसाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) हे सगळे फायदे त्यातूनच येतात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगून टाकतो, कारण सगळ्यांनी हे करायलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. मामा पुढच्या वर्षी साइट वर्डप्रेसवर किंवा तयार टेम्पलेटवर नेणार असतील तर जुनी पानं घासत बसू नका. सीझन तोंडावर असेल, बुकिंगचे फोन सुरू झाले असतील, तरी आत्ता नको. घाईचा उपाय म्हणून टेबल तसंच ठेवून लहान स्क्रीनसाठी टेबल, टीआर, टीडी सगळ्यांना डिस्प्ले: ब्लॉक देता येतो, मग सेल एकाखाली एक येतात. मी स्वतः दोन-तीन क्लायंटना असं करून दिलंय, चालतं, मात्र जुन्या टीडींना जे विड्थ वगैरे चिकटवलेलं असतं ते सगळं मोडून काढावं लागतं आणि ती फाइल पुढे कोणी उघडली तर आपल्याला शिव्या घालतो. आणि लग्नाच्या बुकिंगची ईमेल पाठवत असाल तर तिथे टेबलच ठेवा, खरंच. विंडोजवरचं जुनं (क्लासिक) डेस्कटॉप आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलंय आणि त्याला आजची सीएसएस लेआउट कळत नाही, म्हणून ईमेलवाले लोक अजून १९९९ सालात राहतात. त्यांची चेष्टा करू नका.

तुम्हाला शिकायचं आहे असं धरून पुढचं लिहितो. इंग्रजी नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थात इंग्रजीतच टाइप करायची.

सगळ्यात आधी व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग बघा. मुंगीएवढ्या अक्षरांचं कारण टेबल कमी आणि हा टॅग नसणं जास्त आहे. तो नसेल तर फोन समजतो की हे पान जुन्या कॉम्प्युटरसाठी आहे, साधारण ९८० पिक्सेल रुंदीवर ते मांडतो आणि मग दाबून दाबून इवल्याशा स्क्रीनवर बसवतो. हेडमध्ये विड्थ म्हणजे डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केल १ असं सांगणारी ती एक ओळ टाकली की फोन आपल्या खऱ्या रुंदीवर येतो. पण तुमच्या जुन्या टेबलावर आत्ताच टाकलीत तर पान आडवं सरकायला लागेल, कारण टेबलाची रुंदी तुम्ही पिक्सेलमध्ये ठोकून ठेवली असणार. तेव्हा घाबरू नका, टॅग बरोबर आहे, टेबल चुकतंय.

मग एक पान घ्या, एकच, आणि त्याचे सगळे कपडे उतरवा. टेबल, फॉन्ट टॅग, सेंटर, बीजीकलर, एनबीएसपींची (जागा सोडायला टाकलेल्या रिकाम्या अक्षरांची) रांग, सगळं. राहील तो नुसता मजकूर आणि फोटो. आता तो कुठल्या क्रमाने असावा हे ठरवायचं, आणि यासाठी मी पोरांना एकच युक्ती सांगतो, फोनवर गिऱ्हाईक ज्या क्रमाने विचारतं तो क्रम. मंगल कार्यालयात पहिला प्रश्न तारीख रिकामी आहे का, दुसरा माणसं किती बसतात, तिसरा भाडं किती, आणि पुण्यात असाल तर चौथा, खरं म्हणजे कधीकधी पहिलाच, पार्किंग आहे का. तुमच्या आत्ताच्या पानात डावीकडचा मेनू आधी, त्यात बारा लिंक, मग संस्थापकांचं मनोगत, मग कुठेतरी पार्किंग. डेस्कटॉपवर हे खपून जायचं कारण नजर मध्ये जाते, मोबाइलवर माणूस मनोगतापर्यंत पोचायच्या आत दुसऱ्या कार्यालयाला फोन लावतो.

हे नुसतं पान हेडर, नॅव्ह, मेन, असाइड, फूटर या टॅगांत लिहा, सगळीकडे डिव्हच हवा असं नाही. नॅव्ह लिहिलं की स्क्रीन रीडरला कळतं हा मेनू आहे आणि वापरणारा तो ओलांडून पुढे जाऊ शकतो. माझा एक मित्र पूर्ण अंध आहे, एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतो, त्याच्याबरोबर बसून मी एकदा माझीच जुनी टेबलवाली साइट ऐकली. प्रत्येक पानावर आधी ओळ-कॉलमांची घोषणा, मग अख्खा मेनू, मग स्पेसर, म्हणजे जागा अडवणाऱ्या, चित्रांची फाइलनावं एकामागून एक. चौथ्या पानाला तो म्हणाला, अरे मुद्द्यावर ये की. तेव्हापासून कोणतंही नवीन पान मी स्टाइलशीट बंद करून एकदा वरून खाली वाचतो, वाचून अर्थ लागला तरच पुढे.

आता खोक्याचं गणित, जे न समजल्यामुळे तुमचं अर्धं डोकं दुखलं असणार. समजा पान १००० पिक्सेलचं, मेनू २००, मजकूर ६००, फोटो २००. बेरीज बरोबर १०००. मग मजकूर कडेला चिकटतोय म्हणून तिघांनाही दोन्ही बाजूंनी १० पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) दिलंत. सीएसएसच्या मूळ नियमाप्रमाणे पॅडिंग रुंदीच्या बाहेर मोजतात, म्हणजे झाले २२०, ६२० आणि २२०, एकूण १०६०. साठ पिक्सेल जास्त, तिसऱ्याला जागा नाही, तो खाली. टेबल असं कधी करत नाही, ते बिचारं आतल्या आत जुळवून घेतं, म्हणून टेबलवाल्याला हे गणित कधी करावंच लागलेलं नसतं. उपाय एका ओळीचा आहे, फाइलच्या अगदी वर सगळ्या एलिमेंटना बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स द्या, मग २०० म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर धरून २००. गंमत म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर ५ असंच मोजायचं आणि नियम मोडतो म्हणून जगभर त्याच्या नावाने खडे फोडले गेले, आज तेच गणित आपण हौसेने प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहितो.

फ्लोटबद्दल थोडक्यात. ते लेआउटसाठी आलंच नव्हतं, वर्तमानपत्रात फोटोच्या बाजूने मजकूर वाहतो तसं करण्यासाठी होतं, दुसरं काही बरं नव्हतं म्हणून आम्ही त्यावर अख्खी पानं उभी केली. फ्लोट केलेली गोष्ट नेहमीच्या प्रवाहातून बाजूला होते, बाहेरच्या डिव्हला वाटतं माझ्या पोटात काहीच नाही, त्याची उंची शून्य होते आणि फूटर वर सरकतो. तुम्हाला दिसलं ते हेच. क्लिअर लावून सुटतं, पण आज कॉलम पाडायला फ्लोट शिकण्यात दिवस घालवू नका. जुना कोड वाचता येण्याइतपत कळलं की बास.

आधी फ्लेक्स, मग ग्रिड, असा माझा क्रम. काही जण उलटं शिकवतात, तेही चुकीचं नाही, पण मला वाटतं टेबलातून आलेल्या माणसाला ग्रिड आधी दिलं तर तो त्याचं परत टेबलच करतो.

फ्लेक्स म्हणजे पंगत. तुम्हाला तर सांगायलाच नको. पाटावर माणसं एका रांगेत बसतात, कमी असली की ऐसपैस, जास्त झाली की सरकून घेतात, आणि अगदीच मावली नाहीत तर दुसरी पंगत. तसंच बाहेरच्या खोक्याला डिस्प्ले: फ्लेक्स दिला की आतली मंडळी रांगेत बसतात, गॅप म्हणजे दोन पाटांमधलं अंतर, फ्लेक्स-रॅप: रॅप म्हणजे मावलं नाही तर पुढची रांग. कोणी जास्त जागा खायची ते फ्लेक्स-ग्रो, कोणी आकसायचं नाही ते फ्लेक्स-श्रिंक शून्य. तुमचा मेनू, फूटरमधल्या लिंक, फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपची बटणं, हे सगळं फ्लेक्सचं काम. लक्षात ठेवायचं ते एवढंच की हुकूम बाहेरच्याला द्यायचा असतो, आतल्या प्रत्येकाला नाही. नवीन माणूस प्रत्येक लिंकला डिस्प्ले: फ्लेक्स लावत बसतो आणि म्हणतो काहीच होत नाहीये.

ग्रिड म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आधी ठिपके, मग रेघा. बाहेरच्या खोक्यावर ओळी आणि कॉलम आखायचे, आणि मग कोणी कुठून कुठपर्यंत पसरायचं ते ठरवायचं. टेबलात आणि यात फरक असा की इथे ठिपके स्टाइलशीटमध्ये असतात, मजकुरात नाही, त्यामुळे फोनसाठी वेगळे ठिपके, मोठ्या स्क्रीनसाठी वेगळे, आणि मजकुराला हातही लावायचा नाही. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींत ग्रिड आलं, एकाच महिन्यात, माझ्यासारख्या जुन्या माणसाला हे अजून खरं वाटत नाही. आता वापरायला कसलीच भीती नाही.

यात मला सगळ्यात आवडतं ते ग्रिड-टेम्पलेट-एरियाज. पानाचा नकाशा शब्दांत काढायचा आणि शब्द मराठीत ठेवले तरी ब्राउझरला चालतात, फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीत, सेव्ह हवी. तुमच्या पानाचा नकाशा असा होईल:

"माथा माथा माथा"
"मेनू मजकूर फोटो"
"तळ तळ तळ"

हेडरला ग्रिड-एरिया: माथा, नॅव्हला ग्रिड-एरिया: मेनू, असं प्रत्येकाला नाव दिलं की जो तो आपापल्या जागी जाऊन बसतो. कॉलमची रुंदी २०० पिक्सेल, १ एफआर, २२० पिक्सेल, म्हणजे कडेचे दोन ठरलेले आणि उरलेली सगळी जागा मजकुराला. हे सगळं मीडिया क्वेरीच्या (स्क्रीनच्या रुंदीची अट घालणाऱ्या नियमाच्या) आत ठेवा, किमान रुंदी ८०० पिक्सेल असेल तरच लागू, त्याहून लहान स्क्रीनसाठी वेगळं काहीच लिहू नका. मोबाइलवर ते नुसतं पान आपोआप एकाखाली एक येतंच, आणि क्रम तुम्ही फोनच्या प्रश्नांप्रमाणे आधीच लावलाय. ८०० हा आकडा दगडावरची रेघ नाही, खिडकी हळूहळू लहान करत जा, जिथे मजकूर घुसमटायला लागेल तो तुमचा आकडा.

उद्या मामा म्हणाले मेनू उजवीकडे हवा, तर मधली ओळ "फोटो मजकूर मेनू" करायची आणि रुंदीचे आकडे अदलाबदल करायचे. ६४ फाइली आठवतात मला प्रत्येक वेळी हे करताना. फक्त एक आहे, दिसण्याचा क्रम असा बदलला तरी कीबोर्डची टॅब आणि स्क्रीन रीडर मूळ क्रमानेच जातात, त्यामुळे नकाशात फार उलटापालट करू नका.

फोटोंच्या गॅलरीला नकाशा नको. तिथे ग्रिड-टेम्पलेट-कॉलम्समध्ये रिपीट, ऑटो-फिट आणि मिनमॅक्समध्ये २४० पिक्सेल ते १ एफआर असं लिहिलं की जितके मावतील तितके फोटो एका रांगेत, मीडिया क्वेरीसुद्धा नको. ३६० पिक्सेलच्या फोनवर एक, टॅबवर तीन, मोठ्या मॉनिटरवर सहा-सात.

इथे दोन खड्डे आहेत, दोन्हींत तुम्ही पडणार, मीही पडलोय. एक, फोटो. कॅमेऱ्यातून आलेला ४००० पिक्सेलचा फोटो तसाच टाकला तर तो ग्रिड फाडून बाहेर जातो, तेव्हा सगळ्या चित्रांना मॅक्स-विड्थ: १०० टक्के आणि हाइट: ऑटो. दोन, १ एफआर म्हणजे उरलेली जागा असं आपण म्हणतो पण ते पूर्ण खरं नाही, आतला मजकूर तुटतच नसेल, समजा एक भलीमोठी लिंक किंवा रुंद टेबल असेल, तर कॉलम त्याच्याहून लहान व्हायला तयार होत नाही. मग पान आडवं सरकतं आणि कारण सापडत नाही, मी एकदा यात अख्खी दुपार घालवलीये. १ एफआरच्या ऐवजी मिनमॅक्समध्ये शून्य ते १ एफआर लिहा, किंवा त्या आतल्या खोक्याला मिन-विड्थ: ० द्या. फ्लेक्समध्येही हाच उपाय चालतो.

मराठी साइट आहे म्हणून अजून थोडं, कारण इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे कोणी सांगत नाही. लाइन-हाइट १.६ च्या खाली सहसा नको, वर वेलांटी-रफार आणि खाली उकार एकमेकांत घुसतात. खोक्याला उंची ठरवून देऊन ओव्हरफ्लो: हिडन करू नका, 'स्त्रियांसाठी स्वतंत्र खोली' मधल्या मात्रा कापल्या जातात. शीर्षकं ऐटबाज दिसावीत म्हणून लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषा तुटून दात पडल्यासारखं दिसतं. आणि एचटीएमएल टॅगला लँग म्हणजे एमआर लिहा, काही फॉन्टांत त्यामुळे ल आणि श हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाने येतात. साइट २००५ ची आहे म्हणताय तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात तर नाही ना तेही तपासा, तसं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो युनिकोडमध्ये आणा, नाहीतर तुम्ही सुंदर ग्रिडमध्ये गिचमिड मांडाल.

टेबल पूर्ण हद्दपार करायचं का? अजिबात नाही, ही चूक उत्साही माणसं नेहमी करतात. तुमचं दरपत्रक, म्हणजे हॉल, किती माणसं, सकाळचं भाडं, संध्याकाळचं भाडं, हे खरंखुरं टेबल आहे, त्याला टेबलच हवं. मी कसं ओळखतो, तर एखादा आकडा उचलला आणि तो कशाचा हे सांगायला वरचा मथळा आणि डावीकडचं नाव दोन्ही लागत असतील, तर ते टेबल. नुसतं शेजारी-शेजारी दिसावं एवढीच इच्छा असेल तर ते लेआउट. मुहूर्ताच्या तारखांचा तक्ताही टेबल. लग्नाच्या जेवणाचा मेनू मात्र टेबल नाही, ती यादी आहे, तुम्ही ती दोन कॉलमांच्या टेबलात घातलीये आणि म्हणून मोबाइलवर मठ्ठा एकीकडे आणि जिलबी दुसरीकडे गेलीये. दरपत्रकाला मथळ्यांसाठी टीएच वापरा, वर कॅप्शन द्या, आणि बाहेरून एका डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो, म्हणजे फोनवर फक्त तेवढं टेबल आडवं सरकेल, पान नाही.

काही बिघडलं की डोळ्यांना दिसेल असं करा. सगळ्या एलिमेंटना आउटलाइन, एक पिक्सेल लाल, असं तात्पुरतं लिहा. बॉर्डर नको, बॉर्डर स्वतः जागा खाते आणि जे शोधतोय तेच बदलतं, आउटलाइन जागा घेत नाही. कोणता खोका घराबाहेर पाय काढतोय ते लगेच दिसतं. एफ१२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडली तर ग्रिडच्या रेघाही दाखवता येतात, फायरफॉक्समध्ये मला ते जास्त सोपं वाटतं. अंदाजाने मार्जिन वाढवत-कमी करत बसण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि इम्पॉर्टंट (बाकी नियमांवर हाच चालवा असा हुकूम) लावून प्रश्न दाबणं हा तर शेजाऱ्याच्या दारात कचरा सारण्याचा प्रकार.

म्हणजे क्रम असा झाला: जुन्या साइटची कॉपी बाजूला ठेवा, व्ह्यूपोर्ट टाका, एक पान उघडं करून मजकुराचा क्रम लावा, बॉर्डर-बॉक्स, मेनू आणि बटणं फ्लेक्सने, मग मोठ्या स्क्रीनसाठी ग्रिडचा नकाशा. हे एक पान नीट झालं की तीच स्टाइलशीट बाकीच्या पानांना जोडायची. पहिल्या पानाला तुम्हाला दोन-तीन रविवार लागतील, दुसऱ्याला एक दुपार, पुढची पटापट. रोज तासभर हात घातलात तर महिन्याभरात ग्रिड अंगवळणी पडतं असा माझा अनुभव आहे, आठवड्याला एकदाच बसलात तर मात्र दर वेळी अर्धा वेळ मागचं आठवण्यात जातो. कुठून सुरू करायचं तर दरपत्रकाच्या पानावरून करा, होमपेजवरून नको, होमपेजवर मामांचं लक्ष असतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की हॉलचं नाव फोटोच्या बरोबर मध्ये, उभं-आडवं दोन्ही, कसं आणायचं, टेबलात तर व्हीअलाइन मिडल लिहिलं की झालं. इथे मात्र टेबल खरंच वरचढ होतं आणि टेबलवाले आम्हाला कित्येक वर्षं यावरून चिडवायचे, आमच्याकडे उत्तर नव्हतं, कोणी लाइन-हाइट फुगवायचा, कोणी उणे मार्जिन द्यायचा, मी स्वतः एका पानात फक्त यासाठी गुपचूप टेबल घातलं होतं. आता फोटो बॅकग्राउंड म्हणून एका खोक्याला लावा, त्याला किमान उंची द्या, आणि लिहा डिस्प्ले: ग्रिड, प्लेस-आयटम्स: सेंटर. दोन ओळी.